दातांनी ऐकणारे मालक

मालकांना माणसांचं बोलणं फारसं ऐकू यायचं नाही, आणि त्याबद्दल त्यांची काही तक्रारही नव्हती. सीमेपलीकडच्या एका साखर कारखान्यात त्यांनी तेहेतीस वर्षं ऑइलमन म्हणून काढली होती. ऊस चिरडणाऱ्या रोलरांशेजारी उभं राहायचं आणि बेअरिंगांना वेळच्या वेळी तेल, ग्रीस घालायचं, हे काम. त्या आवाजात कान गेले. डाव्या कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर थोडंफार पोचायचं. पण बेअरिंगचं काय चाललंय ते त्यांना बरोबर कळायचं, आणि ते दातांनी.

हे मला त्यांच्या घरात भाड्याने खोली बघायला गेले त्या दिवशीच समजलं. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती. मी कोल्हापुरातल्या एका शाळेत तात्पुरती क्रीडाशिक्षिका होते आणि सायकलच्या शर्यती खेळायचे. कसबा बावड्यात दोन खोल्या रिकाम्या आहेत असं कळलं म्हणून शर्यतीची सायकल हाताने ढकलत दारात जाऊन उभी राहिले. कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगात बाह्यांची बंडी, खिशात लाकडी मुठीचा स्क्रू ड्रायव्हर, असे एक उंच गृहस्थ बाहेर आले. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. ते सायकलीपाशी उकिडवे बसले, स्क्रू ड्रायव्हरचं टोक पेडलच्या मुळाशी टेकवलं, मूठ दातांत धरली, डोळे मिटले आणि बोटाने पेडल फिरवलं. मग दुसऱ्या बाजूला जाऊन तेच केलं.

"उजवं कोरडं पडलंय, बाई," ते उठत म्हणाले. "खोली मागनं बगा."

मी आधी पेडलकडे बघितलं. गेले पंधरा दिवस चढावर उजव्या पायाखाली काहीतरी बारीक कुरकुरतंय असं मला वाटत होतं, आणि सायकलच्या दुकानात सगळे मला हसत होते.

त्या पेडलांविषयी सांगायला हवं. साध्या सायकलच्या पेडलवर पाय नुसता ठेवायचा असतो. शर्यतीच्या सायकलींना तेव्हा पेडलवर लोखंडी पिंजरा आणि चामडी पट्टा असायचा, त्यात पाय आवळून बांधायचा. माझी पेडलं त्याच्या पुढची होती. बुटाच्या तळव्याला एक जाड पट्टी स्क्रूने बसवलेली असते, ती पेडलवर दाबली की खट्‌कन अडकते आणि टाच बाहेर वळवली की सुटते. पाय पेडल खाली ढकलतो तसा वर ओढूही शकतो. पुण्याच्या एका ज्येष्ठ खेळाडूने, परदेशात शर्यत खेळून आलेल्या बाईने, "माझा गुडघा गेला, आता ही तू झिजव," असं म्हणून ती मला दिली होती. कोल्हापुरात तशी दुसरी जोडी मी तरी पाहिली नव्हती. दुकानदार म्हणायचा, ही उघडत नाहीत, खराब झाली की फेकायची. मालकांनी त्यांचं नाव ठेवलं खटक्याची पेडलं, आणि उघडत नाही अशी वस्तू माणसाने केलेली असते यावर त्यांचा विश्वासच नव्हता.

घरात राहायला गेल्यावर चारच दिवसांत अमावास्या आली. अमावास्येला मालक घरातलं फिरणारं सगळं उघडायचे. विहिरीचा रहाट, शिलाई मशीन, पंखे, दारांच्या बिजागऱ्या, फाटकाची कडी. भाडेकरूंना एकच अट होती, दार कुरकुरलं तर त्याच दिवशी सांगायचं. त्यांच्या बायकोला सगळे अव्वा म्हणायचे. अव्वांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "आवसंला सैपाकघरातली परात दडवून ठेवा. न्हाईतर तुमच्या परातीत रॉकेल वततील."

माझी परात वाचली, कारण अव्वांनी कंटाळून त्यांना वेगळी परात घेऊन दिली होती. त्या परातीवर माझं उजवं पेडल आलं. आत शिरायचं तर तोंडाशी एक खाचांची गोल कडी होती, तिला कुठलाच पाना लागत नव्हता. मालकांनी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमधून नायलॉनचा एक गट्टू, जाड ठोकळा, आणला आणि तीन संध्याकाळ कानशीने घासून त्या खाचांत चपखल बसेल असा पाना केला. चौथ्या दिवशी मी जोर लावून कडी फिरवायला गेले, ती हलेना. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"उलट्या आट्याचं हाय ते. फिरताना आपूआप सुटू न्हाय म्हणून उलटं केलंय. करणारा शाना हाय."

उलटं फिरवल्यावर कडी लोण्यासारखी सुटली आणि पेडलचा आस, दुकानातल्या भाषेत एक्सल, सगळ्या सामानासकट बाहेर आला. आसाच्या दोन टोकांना बेअरिंगच्या छर्ऱ्यांच्या दोन माळा. छर्रे मोहरीहून थोडे मोठे, प्रत्येक माळेत बारा. मालकांनी ते रॉकेलमध्ये धुतले, जुन्या धोतराच्या फडक्यावर ठेवून एकेक निरखला. मग ग्रीसची परीक्षा. नव्या डब्यातलं नखभर ग्रीस त्यांनी पुढच्या दातांवर घासलं, थुंकले आणि डबा बाजूला सारला.

"रेती हाय ह्यात."

मी बोटावर घेऊन बघितलं. मऊशार, स्वच्छ ग्रीस. मला काही लागेना.

"बोटाला कळत न्हाय ती. दाताला कळती."

दुसरा डबाही त्यांनी परत केला. तिसरा पास झाला. मग उदबत्तीच्या काडीच्या टोकाला ग्रीसचा ठिपका घेऊन त्या ठिपक्याने छर्रा उचलायचा आणि जागेवर नेऊन ठेवायचा. एवढा मोठा पंजा, नखांत काळ्या रेघा, आणि काडी जराही थरथरत नव्हती. मी अकरापर्यंत मोजलं होतं तेवढ्यात बारावा उडाला.

त्या दुपारी त्या घरात कुणाला पाऊल उचलायची परवानगी नव्हती. अव्वा चुलीपाशी जिथे होत्या तिथेच उभ्या राहिल्या. मालकांनी जुन्या रेडिओच्या स्पीकरचा चुंबक काढून सगळी फरशी विंचरली. मी त्यांच्या डाव्या कानात ओरडले, "एक नसला तर चालेल हो, तेवीस आहेत."

"त्येवीस बी फिरत्यात," ते फरशीवर पालथे पडूनच म्हणाले. "पर चोविसावा कुठं गेला म्हणून बाकीचे त्येला हुडकत ऱ्हात्यात."

छर्रा माझ्याच पायताणाच्या तळाला ग्रीसने चिकटलेला निघाला. मालक हसले नाहीत. तो धुतला, पुसला, जागेवर ठेवला.

खरं काम त्यानंतरचं. छर्ऱ्यांवर शंकूसारखा कोन आवळायचा आणि कोन हलू नये म्हणून त्यावर नट. कोन जास्त आवळला तर छर्रे घासतात, कमी आवळला तर आस डुगडुगतो. अडचण ही की नट आवळताना कोन केसभर आणखी फिरतो आणि बरोबर जमलेलं बिघडतं. म्हणजे आधी किती ढिलं ठेवायचं याचा अंदाज मनाशी करायचा. मालकांनी ते अकरा वेळा उघडलं. दर वेळी आसाचं टोक दातांत धरायचे, डोळे मिटून पेडल फिरवायचे आणि नकारार्थी मान हलवून पुन्हा पाने घ्यायचे. पाचव्या वेळेनंतर मला दोन वेळांतला फरक कळेनासा झाला. बाराव्या वेळी मान हलली नाही. त्यांनी साखरेची चिमूट हातावर घेऊन हात चोळले, ग्रीस निघालं, आणि म्हणाले, "चालवून या."

मी शिये फाट्यापर्यंत जाऊन आले. पायाखाली काही आहे असं वाटतच नव्हतं. परत आले तेव्हा ते दारात उभे होते. मी काही बोलायच्या आत माझ्या चेहऱ्याकडे बघून आत निघून गेले.

रस्त्यात ते अनोळखी माणसाची सायकल मागून धरायचे. "पावणं, थांबा जरा. मागचं चाक रडालंय तुमचं." माणूस वैतागून भांडायला लागला तरी ऐकू येत नसल्यामुळे ते शांतपणे खाली बसून चाक फिरवत राहायचे, आणि शेवटी तो माणूसही खाली बसायचा. निपाणीत पुतणीच्या लग्नात अक्षता पडायच्या ऐन वेळी यांनी जनरेटर बंद केला. मांडवात अंधार, वाजंत्री गप्प. व्याही धावत आले तर हे जनरेटरच्या पोटाशी डोकं लावून बसलेले. "दोन मिंटं," म्हणाले, "बिचाऱ्याला पानी दिऊ की न्हाय?" तेल घातलं, चालू केला, मग अक्षता पडल्या. अव्वांनी हे मला सांगितलं तेव्हा डोळ्यांत पाणी येईपर्यंत त्या हसल्या.

कारखान्याची गोष्ट सांगताना मात्र त्या हसल्या नव्हत्या. ऐन हंगामात, बाहेर उसाच्या गाड्यांची रांग लागलेली असताना, मालकांनी एका रोलरचं बेअरिंग बोलतंय असं सांगून गाळप थांबवायला लावलं. वरिष्ठ ऐकेनात तेव्हा रोलरकडे येणाऱ्या उसाच्या वाटेत स्वतः आडवे उभे राहिले. यंत्र उघडलं. आत काही निघालं नाही. ना चीर, ना झीज. मालक निलंबित झाले, परत घेतलं ते पंपघरात. रोलरांपाशी त्यांना नंतर कधी जाऊ दिलं नाही.

"तुम्ही काही विचारलं नाही त्यांना?" मी अव्वांना म्हणाले.

"इचारलं की. म्हटलं, चुकलं न्हवं तुमचं? तर म्हणालं, चुकलं आसंल. त्या रोलराफुडं चार मानसं हुबी व्हती."

ही गोष्ट मी ऐकून ठेवली, आणि पुढे तिचा वाईट वापर केला.

दुसऱ्या वर्षी निवड शर्यत आली. पहिल्या तिघींना खेळाडूंच्या राखीव जागेवर सरकारी नोकरी मिळण्याची शक्यता होती, आणि वयाच्या अटीत बसायचं माझं ते शेवटचं वर्ष होतं. शाळेतली नोकरी दर जूनला नव्याने मागावी लागायची. घरी, गावाकडे, आई दर पत्रात विचारायची, कायमचं कधी होणार. शर्यत रविवारी होती, कोल्हापूर ते पन्हाळा आणि परत. वाघबीळपासून वर पन्हाळ्यापर्यंत जो चढ आहे तिथे शर्यत ठरणार हे सगळ्यांना माहीत होतं, आणि तो चढ मी खटक्याच्या पेडलांवर उभी राहून कितीतरी वेळा मारला होता.

शनिवारी शाळा सकाळची. दुपारी मी पेडलं मालकांपुढे ठेवली. डावं झालं. उजव्याचा आस त्यांनी धुतला, पुसला आणि उन्हात धरला. मग पुन्हा रॉकेलमध्ये टाकला. बराच वेळ भिजू दिला, कोरडा पुसला आणि त्यावर खडूची पूड शिंपडून बसून राहिले. काही मिनिटांनी आसाच्या मुळाशी, पांढऱ्या पुडीत, केसासारखी एक ओलसर रेघ उमटली. नखाएवढी. ती उमटते न उमटते तोच मी वाकून बघितली.

"चीर हाय," ते म्हणाले. "चिरंत रॉकेल ऱ्हातं, ते भाईर येतंय."

"ओरखडा आहे तो," मी त्यांच्या कानात ओरडले. "पहिल्यापासून आहे."

त्यांनी परत धुऊन परत पूड टाकली. या वेळी रेघ आणखी पुसट आली. मला तर वाटलं, नाहीच आली. त्यांनी आस दातांत धरला, नखाने त्यावर टिचकी मारली. पुन्हा मारली. मग आस बंडीच्या खिशात टाकला आणि खिशाचं बटण लावलं.

"न्हाय द्येयाचं."

मी समजावलं. विनवलं. नोकरीचं सांगितलं, वयाचं सांगितलं. त्यांना किती ऐकू गेलं कोण जाणे. अव्वा दारात येऊन उभ्या राहिल्या. शेवटी मी म्हणाले, आणि हे त्यांना नीट ऐकू जाईल अशा बेताने अगदी कानाशी म्हणाले, "कारखान्यातही तुम्ही हेच केलं होतं. उघडून बघितलं, काय निघालं?"

अव्वांनी मान खाली घातली. मालक माझ्याकडे बघत राहिले. राग नव्हता चेहऱ्यावर.

"काय न्हवतं निघालं," ते म्हणाले. "ह्यात बी निघणार न्हाय कदाचित. पर देत न्हाय मी, पोरी."

त्याआधी आणि त्यानंतर त्यांनी मला कधी पोरी म्हटलं नाही.

माझ्या जुन्या, पिंजरा-पट्ट्याच्या पेडलांची जोडी माळ्यावर होती. ती त्यांनी स्वतः काढून आणली, दोन्ही उघडली, धुतली, नवं ग्रीस घातलं, सायकलला बसवली. संध्याकाळपर्यंत ते त्याच कामात होते. मी त्यांच्याकडे पाठ करून खोलीत बसले होते.

शर्यतीत मी पाचवी आले. वाघबिळाच्या वर, ज्या वळणावर मी उभी राहून मुसंडी मारायचे, तिथे पट्टा सैल झाला, पाय पिंजऱ्यात सरकायला लागला आणि चौघी पुढे निघून गेल्या. उतारावर एकीला गाठलं, पुढे आणखी एकीने मला मागे टाकलं. खटक्याची पेडलं असती तर तिसरी आले असते का, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. तेव्हा मात्र माझी खात्री होती.

सोमवारी सकाळी माझ्या खिडकीत कागदाची पुडी होती. आत तो आस. मी ती पेटीच्या तळाशी टाकली आणि मालकांशी बोलणं बंद केलं. ऐकू न येणाऱ्या माणसाशी अबोला धरणं किती सोपं असतं आणि किती निरर्थक, हे त्या सहा महिन्यांत समजलं. ते अमावास्येला येऊन माझ्या दाराच्या बिजागऱ्यांना तेल घालून जायचे. मी पुस्तकातून डोकं वर काढायचे नाही.

दिवाळीच्या सुट्टीत पेटी आवरताना पुडी हाताला लागली. मी ती घेऊन तडक उद्यमनगरात गेले. ओळखीचे एक लेथवाले काका होते, त्यांना म्हटलं, हा तोडून दाखवा. मला ते अखंड, चकचकीत पोलाद मालकांपुढे नेऊन ठेवायचं होतं. काकांनी आस शेगड्यात, म्हणजे व्हाइसमध्ये, आवळला आणि हातोडा मारला. काही झालं नाही. माझा जीव सुखावला, हे कबूल करते. दुसऱ्या घावाला बद्द आवाज आला आणि तुकडा उडून भिंतीपाशी पडला.

काकांनी तो उचलला, उजेडाकडे धरला आणि मला जवळ बोलावलं. तुटलेल्या तोंडाचा एक भाग ताजा होता, साखरेच्या दाण्यांसारखा चमकत होता. उरलेला, निम्म्याहून जास्त, काळा आणि गुळगुळीत.

"काळं हाय ते आदीच तुटलं व्हतं," काका म्हणाले. "चमकालंय त्येवढ्यावर तग धरून व्हतं. ह्येच्यावर कोन हुबं ऱ्हात व्हतं?"

वाघबिळाच्या वरच्या वळणाला डाव्या हाताला दरी आहे, आणि मी तिथे सगळा भार उजव्या पायावर टाकायचे.

घरी आले तेव्हा मालक विहिरीपाशी रहाटाचा कणा पुसत होते. मी दोन्ही तुकडे त्यांच्या तळहातावर ठेवले. त्यांनी ते उलटसुलट केले, एकमेकांना जुळवून बघितले, काळ्या भागावरून अंगठा फिरवला. मला वाटलं ते हसतील, निदान अव्वांना हाक मारतील. ते विहिरीच्या काठावर खाली बसले. म्हणाले, "सा म्हैनं झोप न्हाय, बाई. उगंच तुमची नोकरी घालवली काय, ह्योच इचार."

त्यांची खात्री नव्हती. मला हे तोपर्यंत कधी सुचलंच नव्हतं. मला ते हट्टी वाटले होते, आपल्या दातांवर आंधळा विश्वास असलेले वाटले होते. त्यांना चीर आहे असं वाटत होतं, एवढंच. तेवढ्यावर त्यांनी माझा राग पत्करला, आणि एकदा उभा जन्म ज्यापायी डागाळला होता तेच पुन्हा केलं. मी त्यांच्या पायाशी वाकले. त्यांनी मला वाकू दिलं नाही, हात ग्रीसचे आहेत म्हणाले.

पुढे मला गडहिंग्लजच्या एका शाळेत कायमची नोकरी लागली, लग्न झालं, बावडा सुटला. शर्यती सुटल्या, सायकल सुटली नाही. नव्या शतकात कोल्हापुरात महागड्या सायकली आल्या. डॉक्टर, वकील, कारखानदार पहाटे हायवेवर दिसायला लागले आणि खटक्याची पेडलं पुष्कळ झाली. कुणीतरी कुणालातरी सांगितलं आणि मालकांच्या दारात मोटारी थांबायला लागल्या. सांगलीहून, बेळगावहूनही लोक यायचे. मालक दिवसाला एकच जोडी घ्यायचे. पेडलच्या मालकाने समोर बसलं पाहिजे आणि छर्रे स्वतःच्या हाताने धुतले पाहिजेत, ही अट. एक बडे सर्जन त्यांच्या परातीपुढे मांडी घालून छर्रे मोजत बसलेले मी स्वतः पाहिलेत. तीनदा चुकले, तीनदा पहिल्यापासून मोजायला लावलं.

मग साखरेच्या आजाराने त्यांचे दात हलायला लागले. हिरड्या सुजून गाल फुगला तरी ते डॉक्टरांकडे जाईनात. अव्वांनी मला निरोप पाठवला. मी जाऊन कानात ओरडले, तेव्हा म्हणाले, "दात काढल्यावर मी ऐकू कशानं?" शेवटी काढावेच लागले. कवळी बसवली. पहिल्याच दिवशी त्यांनी कवळीत स्क्रू ड्रायव्हर धरून पंखा तपासला, पाने परातीत ठेवले आणि परात फळीवर उलटी घातली. दारात आलेल्या प्रत्येकाला ते सांगायचे, "आता कळत न्हाय मला. दुसरीकडं बगा." लोक म्हणायचे, असू दे, तुम्ही नुसता हात लावा. हात लावायला त्यांनी ठाम नकार दिला. कुणाला फरक कळला नसता. निम्म्या लोकांना आधीही कळत नव्हता.

त्यानंतरच्या हिवाळ्यात मी माझी नंतर घेतलेली पेडलं घेऊन गेले. परात मीच खाली घेतली. ते शेजारी बसले. मी कडी सोडवली, छर्रे काढले, धुतले, उदबत्तीच्या काडीने बसवले. एकही उडाला नाही. कोन आवळला, नट आवळला, आणि पेडल त्यांच्या हातात दिलं. सवयीने दिलं, दिल्यावर वाटलं की देऊ नये.

त्यांनी कवळी काढून फडक्यावर ठेवली. आसाचं टोक हिरड्यांत धरलं, डोळे मिटले आणि बोटाने पेडल फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग डोळे उघडले आणि आस तोंडातून काढून मला विचारलं, "कसं फिरतंय, बाई?"

माझी मान होकारार्थी हलायलाच निघाली होती. त्यांना बरं वाटावं म्हणून, दुपार छान गेली होती म्हणून. मी ती थांबवली. आस पुसला आणि आयुष्यात पहिल्यांदा दातांत धरला. गार पोलाद, ग्रीसची कडवट चव. फिरवलं. आधी काहीच नाही. मग कुठेतरी फार आत, एका फेऱ्यात एकदा, काहीतरी अडून पुढे जात होतं.

मी नकारार्थी मान हलवली आणि पाने घेतले. मी उघडलं, केसभर ढिलं केलं, आवळलं, दातांत धरलं. पुन्हा उघडलं. ऊन अंगणातून भिंतीवर गेलं. अव्वा दोनदा चहाचं विचारून गेल्या. आठव्या वेळी दातांत नुसतं फिरणं आलं, दुसरं काही नाही. मी आणखी एकदा फिरवून बघितलं, मग त्यांच्याकडे वळून होकार दिला.

त्यांनी पेडल मागितलं नाही. हातही पुढे केला नाही.

"मंग बसवा," ते म्हणाले, आणि कवळी उचलून तोंडात घातली.